नाममुद्रेपासून खऱ्या नावापर्यंत : मराठी जाललेखनातील 'मी' आणि पालघरची घटना

प्रस्तुत लेखात मराठीतील वैयक्तिक जाललेखनाचा, म्हणजे ब्लॉग आणि त्यामागून आलेल्या समाजमाध्यमांवरील आत्मपर लेखनाचा, एका मर्यादित अंगाने विचार केला आहे. ते अंग म्हणजे लेखकाचे नाव. लेखनाखाली कोणते नाव असते, ते कोणी ठेवलेले असते आणि त्या नावाचा पत्ता गावात कोणाला ठाऊक असतो, हे प्रश्न वरकरणी साहित्यबाह्य वाटतात. वास्तविक पाहता मराठीतील आत्मपर लेखनाची घडण या प्रश्नांशी फार पूर्वीपासून निगडित आहे. आपल्याकडे मन मोकळे करणाऱ्या लेखकाला नावाच्या बाबतीत काही एक आडोसा उपलब्ध होता. समाजमाध्यमांनी तो काढून घेतला. त्याची किंमत काय असू शकते, हे नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे दिसून आले. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून वसई-विरारही त्याच जिल्ह्याचा भाग आहे. या घटनेची चर्चा आजवर बहुधा कायद्याच्या आणि राजकारणाच्या अंगाने झाली. मात्र मुळात ती एक मजकूर वाचण्याची घटना होती आणि म्हणून समीक्षेच्या कक्षेत येणारी होती, अशी येथे भूमिका आहे.

'अनुदिनी' या संज्ञेविषयी

'वेबलॉग' हा शब्द यॉर्न बार्गर या अमेरिकी लेखकाने डिसेंबर १९९७ मध्ये योजला आणि दोन वर्षांच्या आत त्याचे 'ब्लॉग' असे लघुरूप रूढ झाले. ऑगस्ट १९९९ मध्ये 'ब्लॉगर' ही सेवा सुरू झाल्यावर संगणकाची भाषा न येणाऱ्यालाही स्वतःचे पान थाटता येऊ लागले. मराठी माणूस त्याआधीच महाजालावर पोचला होता. अमेरिकेतील मराठी मंडळींनी सुरू केलेले 'मायबोली' हे संकेतस्थळ १९९६ सालचे आहे. देवनागरी मजकूर पाठवायचा तर पाठवणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या यंत्रावर एकच टंक असावा लागे, नाहीतर समोर निरर्थक खुणांची ओळ उमटे. युनिकोड रुळल्यावर ही अडचण संपली आणि २००४-०५ पासून मराठी ब्लॉगांची संख्या वाढू लागली.

या नव्या प्रकाराला मराठीत दोन प्रतिशब्द सुचवले गेले : 'अनुदिनी' आणि 'जालनिशी'. दोन्ही शब्द सुरेख आहेत. पण दोन्हींमध्ये ब्लॉगला दैनंदिनीच्या घराण्यात बसवले आहे. रोजनिशी लिहिणारा प्राथमिक अर्थाने स्वतःसाठी लिहितो. ती पुढे छापली गेली तर तो तिच्या आयुष्यातला दुसरा टप्पा असतो. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'चे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. ती रोजनिशी नव्हे, आठवणींवरून लिहिलेले प्रवासवृत्त आहे. १८५७ च्या धामधुमीतून परतलेल्या या वरसईच्या भिक्षुकाने चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून आपली हकीकत लिहून काढली, पण ती आपल्या हयातीत प्रसिद्ध होऊ नये अशी व्यवस्था केली. पुस्तक १९०७ मध्ये निघाले. सरकारी रोषाची भीती असलेल्या माणसाने लेखन आणि प्रकाशन यांत आपले उर्वरित आयुष्य उभे केले. ब्लॉगमध्ये हे अंतर एका कळीएवढे असते.

तेव्हा ब्लॉगचे खरे नाते दैनंदिनीशी नसून लघुनिबंधाशी आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ना. सी. फडके यांनी आपल्या लघुनिबंधांना 'गुजगोष्टी' हे नाव दिले, तेव्हा त्यात एक गोड विसंगती होती. गुज म्हणजे एकाच्या कानात सांगावयाची गोष्ट. ती छापून हजारोंना विकावयाची. अनोळखी वाचकाला ओळखीचे मानून बोलण्याची ही लकब मराठी ब्लॉगने जशीच्या तशी उचलली. परसातला पारिजातक, आजीच्या हातची आमटी, परदेशातला पहिला हिवाळा, गणपतीची आठवण, हे त्याचे विषयही लघुनिबंधाच्या शिवारातले. गुणवत्तेविषयी बोलावयाचे तर यातील पुष्कळ लेखन पु. ल. देशपांडे यांच्या छायेत वाढले आणि खुरटले. विनोदाच्या जागा, कंसातली मल्लिनाथी, शेवटच्या परिच्छेदात गळा दाटून येणे, हे सारे इतके ठरीव झाले की लेखकाचे नाव झाकले तर दहा ब्लॉग एकाचेच वाटावेत. तरीही त्या काळात एक मोलाची गोष्ट घडली. संपादकाच्या दारात ज्यांनी कधी पाऊल ठेवले नसते अशा गृहिणी, अभियंते, परिचारिका, बँकेतले कर्मचारी लिहिते झाले आणि त्यांना वाचक मिळाला.

टोपणनावाचा आडोसा

हे लेखक लिहिते झाले यात टोपणनावाचा वाटा मोठा होता. 'मायबोली', 'मनोगत', 'मिसळपाव' यांसारख्या संकेतस्थळांवर सदस्यनाम घेण्याची रीत होती आणि ब्लॉगवरही अनेकांनी स्वतःला एखादे नाव बहाल केले. बाहेरून पाहणाऱ्यास हा पोरखेळ वाटे. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास मात्र त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. राम गणेश गडकरी नाटके स्वतःच्या नावाने लिहीत, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोद बाळकराम या नावाने. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबऱ्या त्यांच्या नावाने आल्या, कविता आरती प्रभूंच्या. एकाच माणसात निरनिराळे 'मी' असतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र नाव देता येते, हे आपल्या वाङ्मयाने फार सहजपणे मान्य केलेले आहे.

आडोशाचे दुसरे, अधिक निकडीचे उदाहरण लोकहितवादींचे. गोपाळ हरी देशमुख कंपनी सरकारच्या नोकरीत होते. १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजन यांच्या 'प्रभाकर' पत्रात त्यांनी जी पत्रे लिहिली ती 'लोकहितवादी' या नावाने. एकशेआठ पत्रांत त्यांनी स्वतःच्याच जातीवर, तिच्या विद्येवर आणि आळसावर जे कोरडे ओढले, ते आजही वाचताना अंगावर येतात. हे नाव म्हणजे भित्रेपणा होता असे कोणी म्हणत नाही. त्या नावामुळे पत्रांचा विषय लेखकाच्या घराण्याकडे न वळता समाजाकडे राहिला. येथे हेही लक्षात घ्यावयास हवे की लोकहितवादी एकटे नव्हते. पत्र छापावे की नाही हे ठरवणारा आणि छापल्यावर त्याची जबाबदारी घेणारा एक संपादक मध्ये उभा होता. शिवाय साप्ताहिकाचा अंक निघेपर्यंत काही दिवस जात. रागाने लिहिलेले वाक्य गाळण्याची किंवा अधिक धारदार करण्याची सवड मिळे.

ब्लॉगने संपादक घालवला आणि सवडही बरीचशी घालवली. नाव मात्र लेखकाच्या हाती राहू दिले. फ्रेंच अभ्यासक फिलीप लेजून यांनी १९७५ मध्ये आत्मचरित्राची व्याख्या करताना असे म्हटले की लेखक, निवेदक आणि नायक यांचे नाव एकच असणे हा वाचकाशी केलेला करार आहे. मराठी ब्लॉगलेखक हा करार अर्धाच करीत होता. निवेदक आणि नायक एकच आहेत याची हमी तो देई, पण शिधापत्रिकेवरचे नाव राखून ठेवी. वाचकालाही त्याची गरज भासत नसे.

हा आडोसा तकलादू होता हेही नमूद केले पाहिजे. २००७ मध्ये 'ऑर्कुट'वर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर प्रसिद्ध झाल्याच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक-व्यावसायिकाला अटक केली. त्याचा त्या मजकुराशी काही संबंध नव्हता. इंटरनेट-जोडणीचा क्रमांक चुकीच्या ग्राहकाशी जोडला गेला होता. तो गृहस्थ सुमारे पन्नास दिवस येरवड्याच्या तुरुंगात होता. मजकुराला नाव नव्हते म्हणून यंत्रणेने त्याला एक नाव मिळवून दिले, आणि ते भलत्याच माणसाचे निघाले.

पालघर, नोव्हेंबर २०१२

फेसबुकची उभारणीच खऱ्या नावाच्या आग्रहावर झाली आहे. शाळा, महाविद्यालय, गाव, नातेवाईक यांची साखळी जोडून देणे हा त्याचा व्यवहार. त्यात टोपणनावाला जागा नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये तेथे 'लाइक'ची कळ आली आणि एक शब्दही न लिहिता स्वतःच्या नावाची मोहोर दुसऱ्याच्या मजकुरावर उठवण्याची सोय झाली.

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, शिवाजी पार्कवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. मुंबई आणि परिसर बंद होता. त्या दिवशी पालघरमधील एकवीस वर्षांच्या एका तरुणीने आपल्या फेसबुक पानावर इंग्रजीत काही ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्यांना पसंती दिली. या दोघी खाजगी व्यक्ती आहेत. त्यांची नावे त्या काळात अनिच्छेने देशभर झाली, ती येथे पुन्हा लिहिण्याचे प्रयोजन नाही. स्थानिक पातळीवर तक्रार झाली. त्या तरुणीच्या काकांच्या रुग्णालयाची जमावाने मोडतोड केली. सोमवारी, १९ नोव्हेंबरला, दोघींना अटक झाली. भारतीय दंड संहितेचे कलम ५०५(२) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ लावण्यात आले. प्रत्येकी पंधरा हजार रुपयांच्या जामिनावर त्या सुटल्या. देशभर टीका झाल्यावर चौकशी झाली, वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले आणि पुढे हे प्रकरण बंद झाले. रविवारी लिहिलेले वाक्य आणि सोमवारची अटक यांच्यामध्ये एक रात्र होती.

आता मजकुराकडे वळावे. वृत्तपत्रांतून त्याचे जे पाठ आले त्यांत फरक आहेत, आणि हा पाठभेदही अर्थपूर्ण आहे, कारण कोणत्या शब्दांसाठी अटक झाली हे वाचकाला निश्चित सांगता येत नव्हते. विस्तृत पाठाचा आशय असा : दररोज हजारो माणसे मरतात, तरी जग चालत राहते, एका राजकारण्याच्या नैसर्गिक मृत्यूने सगळे बेभान झाले आहेत, भगतसिंग, सुखदेव यांच्यासाठी दोन मिनिटे स्तब्ध राहिल्याचे कोणाला आठवत नाही, आदर कमवावा लागतो, तो लादता येत नाही, आज मुंबई बंद आहे ती आदरापोटी नाही, भीतीपोटी.

या मजकुराचा घाट पाहण्यासारखा आहे. आरंभी मृत्यूविषयी एक सर्वसामान्य विधान, मग वर्तमानावरची तिरकस नजर, इतिहासाचा दाखला, आदराविषयीचे नीतिवचन आणि अखेरीस 'आज'वर येऊन थांबणे. शाळेतील वक्तृत्वस्पर्धेत बक्षीस मिळावे अशी ही रचना आहे. त्यात शिवी नाही, कोणास चिथावणी नाही. शैलीच्या दृष्टीने तो नवखा आहे; भगतसिंगाचा दाखला तर आपल्याकडे प्रत्येक वादात येतो. शेवटचे वाक्य सोडले तर बाकीचा भाग कोणत्याही दिवशी, कोणत्याही नेत्याविषयी लिहिता आला असता. तो सर्वसाधारण राहिला नाही तो 'आज' या एका शब्दामुळे. आणखी एक गोष्ट. या पाठात दिवंगत नेत्याचे नाव कोठेही नाही. त्या संपूर्ण पानावर जिवंत माणसाचे असे नाव होते ते लिहिणारीचे, आणि त्याखाली पसंती देणारीचे.

येथे वाचक कोण, हा प्रश्न निर्णायक ठरतो. लिहिणारीच्या मनातला वाचक म्हणजे तिच्या मैत्रिणी, वर्गमित्र, फार तर त्यांचे मित्र. गप्पांच्या ओघात बोलावे तसे तिने लिहिले. पोस्ट मुंबईविषयी होती. वाचली गेली ती पालघरमध्ये. पालघर त्या वेळी उपनगरी गाड्यांच्याही टप्प्यात नव्हते. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत त्या एप्रिल २०१३ मध्ये धावू लागल्या. अशा गावात आडनावावरून घर, घरावरून काका, काकांवरून रुग्णालय हा शोध घेण्यास पोलिसांची गरज पडत नाही. महाजालाविषयी जे सिद्धांतन झाले त्यात असे गृहीत होते की तेथे माणूस स्थळापासून सुटतो. मुंबईच्या एखाद्या उत्तुंग इमारतीत ते कदाचित खरे असेल. तालुक्याच्या गावात जाललेखकाचा पहिला वाचक शेजारीच असतो, आणि मजकुराच्या आधी तो नाव वाचतो. लोकहितवादींच्या पत्राने चिडलेल्या वाचकाला जावे लागले असते ते 'प्रभाकर'च्या कचेरीत. पालघरच्या जमावाला कोठे जावयाचे हे लिहिताक्षणीच ठाऊक होते.

मैत्रिणीच्या 'लाइक'चा अर्थ काय घ्यावा, हा समीक्षेच्या दृष्टीने अधिकच अवघड प्रश्न आहे. ती सहमती असू शकते, मैत्रीखातर दिलेली हजेरी असू शकते, 'वाचले' एवढीच पोच असू शकते. सभेत टाळ्या वाजवणाऱ्यास वक्त्याबरोबर आरोपी करावे असे कोणास सुचत नाही, कारण टाळीवर नाव लिहिलेले नसते.

न्यायालयाचे वाचन

या अटकेनंतर काही दिवसांतच श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमात अतिशय आक्षेपार्ह मजकूर, त्रास किंवा गैरसोय उत्पन्न करणारा मजकूर अशा शब्दांवर तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद होती, आणि ती केवळ संगणकादी साधनांवरून पाठवलेल्या मजकुरासाठी. तेच वाक्य विरारच्या फलाटावर मोठ्याने म्हणणाऱ्यास हे कलम लागू होत नव्हते.

न्या. नरिमन यांनी लिहिलेला निकाल साहित्याच्या प्राध्यापकांनीही वाचावा असा आहे. त्यात चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी असा भेद केला आहे. एखादे मत मांडणे किंवा त्याचा हिरिरीने पुरस्कार करणे, ते कितीही अप्रिय असले तरी, संरक्षित आहे. उक्तीचा चिथावणीशी निकटचा संबंध आला तरच राज्याचा हात पुढे येऊ शकतो. 'त्रासदायक' काय हे वाचकागणिक बदलते, म्हणून त्यावर गुन्हा उभारता येणार नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर संहितेचा अर्थ सर्वांत लवकर दुखावणाऱ्या वाचकाच्या स्वाधीन करता येत नाही, असा हा दंडक आहे. वाचकाच्या प्रतिसादातून अर्थ घडतो असे आपण वर्गात शिकवतो. त्या सिद्धांताची ही एक कठोर कसोटी होती.

निकालाने सर्व सुटले असे नाही. रद्द झालेल्या कलमाखाली गुन्हे दाखल होत राहिले आहेत हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आश्चर्य व्यक्त केले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये असे खटले चालवू नयेत असा आदेश द्यावा लागला. दंड संहितेतील ५०५ चा आशय १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्ये आहे.

नाव गळालेला मजकूर

पालघरमध्ये नाव मजकुराला घट्ट चिकटून राहिले. नेमक्या त्याच दशकात उलट दिशेनेही एक प्रवाह वाहत होता. चांगल्या ब्लॉगलेखकांचे लेख आधी ई-मेलमधून आणि मग व्हॉट्सॲपवरून फिरू लागले, आणि फिरता फिरता त्यांची नावे गळाली. काहींना नवी नावे लागली. पु. ल., व. पु. काळे किंवा एखादा नामांकित अभिनेता यांच्या नावावर जे विचारधन सकाळी सकाळी आपल्या हातात येते, त्यातील पुष्कळसे कोणा अनाम ब्लॉगलेखकाचे असते. व. पुं.च्या निधनानंतर त्यांनी जितके लिहिले तितके हयातीत लिहिले नसावे.

मराठीला हा अनुभव नवा नाही. मुखोद्गत परंपरेत कर्त्याचे नाव टिकवणे कठीण, म्हणून संतकवींनी ते रचनेच्या आतच गुंफले. 'तुका म्हणे' किंवा 'नामा म्हणे' ही अक्षरे गाळली तर अखेरचा चरण मोडतो. इतके करूनही प्रक्षेप झाले. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याच्या रचना मिसळल्या आणि त्या वेगळ्या काढण्यासाठी संशोधकांना कष्ट करावे लागले. ब्लॉगलेखकाचे नाव मजकुराच्या बाहेर, पानाच्या शिरोभागी होते. मजकूर उचलणाऱ्याने ते मागे ठेवले तर वाक्यरचनेला धक्का लागत नव्हता. व्हॉट्सॲप हे तंत्राने लिखित, पण संक्रमणाच्या रीतीने मौखिक माध्यम आहे. तेथे नाममुद्रा आतच हवी, हे मराठी ब्लॉगलेखकांना उमगण्याआधीच त्यांचे अर्धे लेखन बेवारस झाले.

या निनावीपणाचे टोक भीषण आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. १६ एप्रिल २०२० रोजी खुद्द पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे, चोर फिरत असल्याच्या अफवांनी भारलेल्या वातावरणात, तिघांची हत्या झाली. अफवेला कर्ता नसतो. पालघरच्या तरुणीचे वाक्य एका रात्रीत आरोपीपर्यंत पोचले, याचे कारण ते धोकादायक होते असे नव्हते; त्याला नाव होते एवढेच.

वसईच्या बोली आणि शेजारी-वाचक

शेजारी-वाचकाची केवळ काळी बाजू सांगितली तर हे विवेचन एकांगी होईल. वसईच्या पट्ट्यात याच वाचकाने एक वेगळे काम केले आहे. येथील ख्रिस्ती समाजाचे मराठी लेखन दीर्घकाळ प्रमाण भाषेत झाले. 'सुवार्ता' मासिक, त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे गद्य आणि त्यांचा 'सुबोध बायबल' हा ग्रंथ ही त्याची ठळक उदाहरणे. २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा वसईच्या प्रमाण मराठीला मान्यतेचा मुजरा मिळाला असे म्हणता येईल. पण घरात बोलली जाणारी सामवेदी किंवा कादोडी, वाडवळी, कोळी या बोली छापील पानापासून बहुतांशी दूर राहिल्या. त्यांचे लेखननियम ठरलेले नव्हते, मुद्रितशोधक कोणत्या कोशाकडे पाहणार?

समाजमाध्यमांवर हा अडसर उरला नाही. लग्नातील गाण्यांची ओळ, आजीचा टोमणा, वाडीतील विहिरीची आठवण, कोणी देवनागरीत तर कोणी रोमन अक्षरांत, ऐकू येते तसे लिहू लागले. एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला आढळतो आणि खाली त्यावर वाद रंगतो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ही सामग्री मोलाची वाटावी. येथे लेखकाचे खरे नाव आणि गाव माहीत असणे हीच मजकुराची प्रमाणता ठरते. 'हा शब्द आमच्या आळीत असा नाही' असे म्हणणारा वाचक नाव वाचूनच बोलतो. टोपणनावाने लिहिलेल्या बोलीवर तेथे फारसा विश्वास बसत नाही. २०११ च्या जनगणनेत बारा लाखांहून अधिक वस्ती असलेल्या आणि बाहेरून येणाऱ्यांनी सतत वाढणाऱ्या या शहरात बोलीभाषकांची आळी आता पडद्यावर भरते, ही वस्तुस्थिती आहे. त्यातील बरेच लेखन स्मरणरंजनाच्या पुढे जात नाही, हा दोष मात्र ब्लॉगच्या काळापासून चालत आलेला आहे.

अध्यापकांपुढील प्रश्न

उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमांत ब्लॉगलेखन हा घटक आता आढळतो. त्यात शीर्षक कसे असावे, परिच्छेद किती लहान असावेत, छायाचित्र कोठे घालावे, हे शिकवले जाते. लेखन कोणत्या नावाने करावे आणि ते कोणाच्या हाती जाईल, याविषयी एक ओळही नसते. विद्यार्थी खऱ्या नावाने, महाविद्यालयाच्या नावासह, आणि पुष्कळदा वर्गाच्या गुणांसाठी लिहितो. गुणांसाठी लिहिलेल्या त्या पानावर पुढे त्याचा शेजारी येईल, नोकरी देणारा येईल, कदाचित जमावही येईल. 'जपून लिही' हा सल्ला आपण सारे देतो. पण जपून लिहिलेले ललित गद्य कसे होते याचे नमुने आपल्यापुढे भरपूर आहेत, आणि पालघरची तरुणी बेजबाबदारपणे लिहीत नव्हती, हे वर दाखवलेच आहे. टोपणनावाने लिहिलेला ब्लॉग प्रकल्प म्हणून स्वीकारण्यास विभागांनी का कचरावे, याचे समाधानकारक उत्तर प्रस्तुत लेखकास मिळालेले नाही. गोविंदाग्रजांची कविता अभ्यासक्रमात असते, ती त्याच नावाने.

हा प्रश्न विद्यार्थ्यांपुरता नाही. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम-वापराविषयी परिपत्रक काढले. शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये, वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, वैयक्तिक खात्यावर पदनाम किंवा बोधचिन्ह वापरू नये, अशा सूचना त्यात आहेत. उल्लंघन झाल्यास १९७९ च्या वर्तणूक नियमांखाली कारवाई होऊ शकते. यांतील खाती वेगळी ठेवण्याची सूचना गडकऱ्यांच्या तीन नावांची आठवण करून देणारी आहे. फरक एवढाच की गडकऱ्यांची तिन्ही नावे त्यांनी स्वतः निवडली होती, आणि परिपत्रकातील दोन्ही खाती एकाच माणसाच्या सेवापुस्तकाला जोडलेली असतात. लोकहितवादींची शतपत्रे आपण पदवीच्या वर्गात शिकवतो. ती सरकारी नोकराने, नोकरीत असताना, बदललेल्या नावाने लिहिली हा तपशील टिपणवहीत एका ओळीत उरकला जातो. त्या ओळीवर एक तासिका खर्च करावी, आणि शेजारी पालघरच्या मजकुराचे दोन पाठ ठेवून ते वर्गाकडून वाचवून घ्यावेत. त्यातील 'आज' हा शब्द विद्यार्थी कसा वाचतात हे ऐकण्यासारखे असेल. त्यांपैकी बहुतेक जण त्या वेळी लहान मुले होते.